धुळाक्षरें आणि बालवर्गाचा नित्यपाठ

या त्रैमासिकाच्या वाचकांस सनदा, महजर, शकावल्या व ताम्रपट यांची संवय आहे. त्यांच्यापुढें पांच-सहा वर्षांच्या मुलांच्या पाटीचा विषय मांडण्यापूर्वीं एका गोष्टीची कबुली देणें मला प्राप्त आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका जुन्या वाड्यांतील दप्तर लावून देण्याचें काम आम्हां तिघां-चौघांकडे आलें होतें. रुमाल सोडून कागदांचे तीन ढीग करावयाचे असें ठरलें. पहिला राजकीय व खासगी पत्रांचा, दुसरा जमाखर्चाचा, आणि तिसरा निरुपयोगी कागदांचा. या तिसऱ्या ढिगांत मीं स्वतःच्या हातानें जे कागद टाकले त्यांत पंचवीस-तीस बंद मुलांच्या कित्त्यांचे व उजळणीचे होते. वर पंतोजींची घोटीव ओळ आणि खालीं पोराचीं वेडींवांकडीं अक्षरें. एका कागदावर शाई सांडून ती बोटानें पुसल्याची खूण होती. ती पाहून आम्ही हंसलों, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या ढिगावर वाड्यांतला बंब तापला.

पुढें नोकरींतून मोकळा झाल्यावर प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासाकडे माझें मन वळलें. तेव्हां असा एक कागद पाहावयास मिळावा म्हणून मी किती घरीं हिंडलों तें येथें सांगत नाहीं. प्रस्तुत लेख हें त्या अपराधाचें अंशतः प्रायश्चित्त समजावें.

मुलाच्या शिक्षणाचा आरंभ लिपि व संख्या या दोहोंनीं करावा ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. चौलकर्म झाल्यावर राजपुत्रानें लिपि व संख्यान शिकावें, आणि उपनयनानंतर त्रयी, आन्वीक्षिकी इत्यादि विद्यांकडे वळावें, असा क्रम कौटिलीय अर्थशास्त्रांत सांगितला आहे. कालिदासानें रघूच्या बाबतींत हाच क्रम ठेविला असून लिपीच्या ज्ञानास नदीच्या मुखाची उपमा दिली आहे. त्या मुखांतून मूल वाङ्मयाच्या समुद्रांत शिरतें. परंतु या दोन्ही ठिकाणीं मूल दिसतें तें राजाचें, आणि तें काय शिकलें एवढेंच कळतें. तें कसें बसलें, कशानें लिहूं लागलें, यांविषयीं ग्रंथकार मौन धरतात. त्या दृष्टीनें ललितविस्तराचा लिपिशालेचा अध्याय अधिक मोलाचा आहे. अतिशयोक्तीचा भाग वगळला तरी तेथें चंदनाचा लेखनफलक हातीं घेतलेला विद्यार्थी आहे, विश्वामित्र नांवाचा गुरु आहे, आणि वर्णमाला म्हणतांना प्रत्येक अक्षरागणिक त्या अक्षरानें आरंभ होणारें एक तत्त्व उच्चारलें जातें. अकारापासून अनित्यतेचा बोध निघतो. आपल्या अंकलिपींत अकारापासून अननस निघतो. पद्धति एकाच जातीची आहे, पदार्थ मात्र बदलला. अननस हें फळ पोर्तुगीजांच्या पूर्वीं या देशांत नव्हतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हें उदाहरण आपल्याकडे फार जुनें असणें शक्य नाहीं.

चिनी प्रवाशांनीं या बाबतींत आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. ह्युएनत्संग सांगतो कीं मुलांस प्रथम 'बारा प्रकरणें' शिकवितात. बारा स्वरांची ही मांडणी म्हणजे आपली बाराखडीच होय, असें मानण्यास प्रत्यवाय दिसत नाहीं. इत्सिंग सातव्या शतकाच्या अखेरीस लिहितो कीं मुलें सहाव्या वर्षीं 'सिद्धिरस्तु' नांवाचा पाठ आरंभितात व सहा महिन्यांत पुरा करितात. एखाद्या परक्या भिक्षूस मुलाचें वय आणि पाठाचे महिने टिपून ठेवावेसे वाटले, आणि आमच्या पंडितांस तें सुचलें नाहीं, ही गोष्ट मला नेहमीं लज्जास्पद वाटत आली आहे.

याच 'सिद्ध' शब्दाचा धागा आपल्या पंतोजींच्या ओट्यापर्यंत येऊन पोहोंचतो. मराठी मुलानें धुळींत पहिलीं अक्षरें काढावयाचीं तीं 'ओं नमः सिद्धम्' हीं. मुलांच्या तोंडीं त्याचें 'ओनामासीधं' झालें, आणि त्यांतून 'ओनामा करणें' म्हणजे आरंभ करणें हा वाक्प्रचार भाषेंत रूढ झाला. हें नमन जैनांच्या सिद्धांस आहे कीं कातन्त्र व्याकरणाच्या पहिल्या सूत्रांतील 'सिद्ध' शब्दाशीं त्याचा संबंध आहे, याविषयीं मतभेद आहेत. कातन्त्राचें तें सूत्र वर्णसमाम्नाय सिद्ध आहे अशा अर्थाचें आहे, आणि राजस्थानांतील जुन्या पाठशाळांत कातन्त्राच्या संधिपादाचीं सूत्रें अगदीं ओळखूं न येण्याजोग्या भ्रष्ट रूपांत मुलें पाठ म्हणत असत. त्यावरून मला दुसऱ्या पक्षाकडे कल द्यावासा वाटतो. परंतु दोन्ही पक्षांत एवढें सामान्य आहे कीं अर्थ न कळणारें एक संस्कृत वाक्य सर्व पंथांच्या मुलांनीं शतकानुशतकें पहिल्या दिवशीं गिरविलें, आणि त्याला कोणीं हरकत घेतली नाहीं.

आतां ओट्यावरच्या नित्यक्रमाकडे वळूं. शाळा म्हणजे देवळाची पडवी, एखाद्या सावकाराचा सोपा किंवा खुद्द पंतोजींचें अंगण. लांकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटेची भुकटी पसरावी, तींत बोटानें अथवा काडीनें अक्षर काढावें, पाटी हालविली कीं ती पुन्हां कोरी. हीच धुळपाटी, आणि तिच्यावरचीं तीं धुळाक्षरें. या साधनाची प्रतिष्ठा केवळ पोरांपुरती नव्हती. आमचे ज्योतिषी गणितास 'पाटीगणित' व 'धूलिकर्म' म्हणत आले, तें याच पाटीवरून व याच धुळीवरून. ज्या पाटीवर पांच वर्षांचें मूल 'ओ' काढी, त्याच जातीच्या पाटीवर ग्रहगणित होत असे.

पहिले दिवस नुसतें गिरविण्याचे. पंतोजी किंवा एखादा मोठा मुलगा अक्षर काढून देई, आणि लहान मूल त्याच रेघेंतून बोट फिरवी. बोटाला वळण पडलें म्हणजे रेघ पुसून तेंच अक्षर मनानें काढावयाचें. तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगांत मुलासाठीं पंत स्वतः हातीं पाटी धरतो असा दृष्टान्त आहे. दृष्टान्त श्रोत्यांच्या नित्य पाहण्यांतला असावा लागतो, हा अलंकारशास्त्राचा साधा नियम लाविला तर सतराव्या शतकांतील देहूच्या परिसरांत पाटी धरून बसलेला पंतोजी हें सर्वांच्या ओळखीचें दृश्य होतें, असें निःशंक म्हणतां येतें. माझ्या मतें मराठी बालशिक्षणाच्या इतिहासांत याहून चांगला पुरावा क्वचितच सांपडेल. धुळीनंतर बोरू व कागद, मुळाक्षरांनंतर बाराखडी, मग जोडाक्षरें, मग कित्ता. लौकिक व्यवहाराची लिपि मोडी असल्यामुळें कित्ता बहुधा मोडीचाच असे. कागदभर आडव्या रेघा आधीं ओढून घ्यावयाच्या, मग त्यांना लोंबतीं अक्षरें काढीत जावयाचें. देवनागरीस आपण 'बाळबोध' म्हणतों, म्हणजे बाळासही बोध व्हावा अशी लिपि. पण हें नांव वाचणाराच्या सोयीवरून पडलें असावें, लिहिणाराच्या नव्हे. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं लेखनक्रियेचा जो समास लिहिला आहे, तो बाळबोध अक्षर किती कष्टानें साधतें याची साक्ष देतो. पोथ्यांचे संग्राहक तो समास ग्रंथलेखकांसाठीं आहे असें मानतात, व तें बरोबर आहे. परंतु त्याची पायरी धुळपाटीवर आहे हें विसरूं नये.

सुट्टीचा नियमही ओट्यानें वेदपाठशाळेपासून उसना घेतला होता. प्रतिपदेस अनध्याय. रामायणाच्या सुंदरकांडांत कृश झालेल्या सीतेस प्रतिपदेस पाठ करणाऱ्याच्या क्षीण विद्येची उपमा दिली आहे. दसऱ्यास पाटीपूजन होई. त्या दिवशीं पाटीवर एकाच्या आंकड्यांची सरस्वती काढण्याची रीति आमच्या लहानपणापर्यंत घरोघर होती, आणि पुष्कळ घरीं ती अद्याप आहे. संध्याकाळीं दिवा लागल्यावर परवचा. या परवच्यांत शाळेंत न जाणाऱ्या बहिणींच्या कानांवरही उजळणी पडे, आणि मला वाटतें कीं पाटी न पाहतां पावकी-निमकी मुखोद्गत असणाऱ्या कित्येक आज्यांचें शिक्षण तेवढ्यावरच झालें. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पंतोजींची छडी, ओणवें करणें इत्यादि शिक्षांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. तें खरें आहे, व मी तें पुन्हां करीत नाहीं. मात्र त्या ओट्यावर गांवांतल्या सर्व जातींच्या मुलांस जागा नव्हती, आणि मुलींस तर बहुधा नव्हतीच, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल.

उजळणीविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण तेथें धूळ पुसली तरी शब्द उरले आहेत. व्यवहारांत आपण 'दोन' म्हणतों, पण पाढ्यांत 'बे' म्हणतों. हा 'बे' प्राकृत आहे, आणि गुजरातींत तो व्यवहारांतही चालतो. 'त्रिक', 'चोक', 'सक' यांत संस्कृत त्रिक, चतुष्क, षट्क हे समूहवाचक शब्द स्पष्ट दिसतात. अपूर्णांकांचे पाढे तर भाषाशास्त्रज्ञांस खाणच आहेत. पावकींत पाद, पाऊणकींत पादोन, सवायकींत सपाद. 'दीड' हा द्व्यर्ध शब्दापासून आला, म्हणजे ज्यांतील दुसरा अर्धा आहे तो. त्याच रीतीनें 'अडीच' अर्धतृतीयापासून, व 'औट' म्हणजे साडेतीन हा अर्धचतुर्थापासून. संतांच्या वाङ्मयांत देहास 'औट हात' म्हटलेलें आढळतें. तो शब्द व्यवहारांतून गेला, पण औटकीच्या पाढ्यांत पोरांनीं तो जिवंत ठेविला. निमकींतील 'निम' मात्र वादग्रस्त आहे. संस्कृतांत 'नेम' शब्द अर्ध या अर्थीं आहे व पाणिनीच्या सर्वनामगणांत तो पठित आहे, म्हणून कांहीं जण तिकडे ओढतात. मला तो फारसी 'नीम' वाटतो. जमाखर्चाची परिभाषा ज्या काळीं फारसीमय झाली त्याच काळीं हा शब्द ओट्यावर आला असावा.

हे अपूर्णांक पोरांच्या माथीं कां मारले, असें आजचा वाचक विचारील. उत्तर बाजारांत आहे. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, खंडीचे वीस मण, आणि सर्व मापें पाव, अर्धा, पाऊण अशीं तुटणारीं. ज्यास दिडकी-अडीचकी येत नाहीं, तो दुकानीं बसण्यास नालायक. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं, पुढील कांहीं वर्षांत वजनें-मापेंही बदललीं, आणि शतकानुशतकांचा हा पाठ एका पिढीच्या आंत शाळेंतून नाहींसा झाला. त्याबद्दल कोणी शोक करावा असें मी म्हणत नाहीं. परंतु तो गेला तेव्हां त्याचीं प्रांतोप्रांतींचीं रूपें कोणी टिपून ठेविलीं नाहींत, ही खंत आहे.

या ओट्यांची संख्या किती होती याचा अदमास एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींतील चौकशीमुळें करतां येतो. मुंबई सरकारच्या कौन्सिलांतील प्रेंडरगास्ट यानें १८२१ सालींच नमूद केलें होतें कीं आपल्या मुलुखांत शाळा नाहीं असें गांव, लहान किंवा मोठें, क्वचितच असेल. पुढें कलेक्टरांकडून माहिती मागविण्यांत आली, आणि १८२९ च्या आंकड्यांत इलाख्यांतील शाळा सतराशेंहून अधिक व मुलें सुमारें पस्तीस हजार भरलीं. दोन्ही विधानांत मेळ बसत नाहीं हें उघड आहे. प्रेंडरगास्टनें गौरव केला असेल, आणि कलेक्टरांच्या कारकुनांनीं घरच्या घरीं शिकविणारे पंतोजी गाळले असतील. दोहोंच्या मध्यें कोठें तरी सत्य आहे.

याच सुमारास धुळपाटीनें एक चमत्कारिक प्रवास केला, तो आपल्याकडे फारसा ठाऊक नाहीं. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासेस एग्मोर येथील अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख होता. त्यानें मलबारी मुलांच्या एका शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढीत आहेत असें पाहिलें, आणि तीच रीति आपल्या आश्रमांतील सर्वांत लहान वर्गास लाविली. हाताखालच्या शिक्षकांस तें पसंत पडेना, तेव्हां त्यानें आठ वर्षांच्या एका मुलाच्या हातीं तो वर्ग दिला. १७९७ सालीं लंडनास त्याचा वृत्तान्त छापला गेला. लँकेस्टर यानेंही आपल्या शाळेंतील लहान मुलांपुढें वाळूचे मेज मांडले, आणि मुलांनीं मुलांस शिकविण्याची ही पद्धति इंग्लंडांतील गरिबांच्या हजारों शाळांतून पसरली. पुढें १८१५ नंतर मुंबईस शिक्षणमंडळ्या निघाल्या, तेव्हां हीच पद्धति 'लँकेस्टरची पद्धति' म्हणून समुद्रावरून परत आली, आणि आमच्या पंतोजींस ती नवी विद्या म्हणून शिकविण्यांत आली. मोठ्या मुलानें लहानाचा हात धरून अक्षर गिरवून घेणें ही पंतोजींची रोजचीच चाल होती, हें बोलण्याचें धैर्य त्या वेळीं कोणास झालें असेल असें वाटत नाहीं.

येथें एक इशारा देतों. डॉक्टर मॉन्टेसोरी यांच्या खरकागदी अक्षरांवर मूल बोट फिरवितें, यावरून ती कल्पनाही आपलीच असें सांगणारे लोक मला भेटले आहेत. बेलच्या बाबतींत त्याची स्वतःची कबुली आहे, म्हणून विधान करतां येतें. मॉन्टेसोरींच्या बाबतींत तसा कांहीं पुरावा नाहीं. त्यांनीं १९०७ सालीं रोममध्यें पहिलें बालगृह काढलें, आणि त्या हिंदुस्थानांत आल्या १९३९ सालीं. मनुष्याच्या बोटास सर्वत्र एकच स्वभाव आहे, एवढेंच यावरून सिद्ध होतें. शिवाय दोन्ही पद्धतींत मूळचा भेद आहे. पंतोजींस मुलाचा कारकून करावयाचा होता. फ्रेबेल यानें १८४० सालीं आपल्या शाळेस 'किंडरगार्टन', म्हणजे बालकांचें उद्यान, हें नांव दिलें, तेव्हां त्याच्या मनांत कारकून नव्हता. लोंकरीचे सहा रंगांचे चेंडू, लांकडी गोल, घन व नळकांडें, आणि आठ तुकड्यांत उलगडणारा घन हीं त्याचीं साधनें. प्रशियाच्या सरकारनें १८५१ सालीं या उद्यानांवर बंदी घातली व ती १८६० पर्यंत टिकली. चेंडू-ठोकळ्यांना भिणारें सरकार इतिहासांत विरळा.

आपल्याकडे शाळेच्या खालचा वर्ग म्हणजे 'बिगरी'. इयत्तेवांचूनचा वर्ग म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. या वर्गास स्वतःचें असें स्थान मिळालें तें विसाव्या शतकांत. भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक १९२३ सालीं तेथें गेल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शहरांतलीं बालमंदिरें महाग साधनांवर चालतात व खेड्यांतील मुलापर्यंत पोहोंचत नाहींत हें ओळखून ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणाचें केंद्र काढलें. अनुताई वाघ तेथें त्यांस मिळाल्या, आणि १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मूल शाळेंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणांत न्यावी, ही आंगणवाडी. मूल गुरांमागें जात असेल तर शाळा कुरणांत न्यावी, ही कुरणशाळा. पंतोजींच्या ओट्यावर ज्या वारली मुलांस कधीं जागा मिळाली नसती, त्यांच्या अंगणांत शाळा स्वतः चालत गेली, ही या इतिहासांतली माझ्या मतें सर्वांत मोठी घटना होय. साधनें म्हणजे शिंपले, चिंचोके, गारगोट्या, बिया, पानें, माती. बियांच्या जाती वेगळ्या करणें, लहान-मोठे खडे ओळीनें मांडणें, गाणें, गोष्ट, नखें व केस स्वच्छ आहेत कीं नाहीं हें पाहणें, आणि रांगोळी. अंगठा व बोट यांच्या चिमटींतून भुकटी सोडून रेघ ओढणारी ती मुलगी पाहिली कीं धुळपाटी मेली नाहीं, असें वाटतें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकासाची योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांस देशभर 'आंगणवाडी' हेंच नांव मिळालें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें शिक्षणाची पहिली पायरी ठरविली आहे. इत्सिंगच्या सहाव्या वर्षापासून आपण तिसऱ्या वर्षापर्यंत खालीं आलों.

आतां त्या कागदांकडे परत येतों. मुलांचे कित्ते बहुधा पाठकोऱ्या कागदावर असतात, कारण कोरा कागद पोराच्या हातीं कोण देणार? म्हणून पुढच्या बाजूस जमाखर्चाची किंवा पत्राची मिती असेल तर कित्ता त्या मितीनंतरचा, एवढा कालनिर्णय होतो. वरची ओळ पंतोजींची असल्यामुळें त्या गांवचें, त्या काळचें मोडीचें प्रमाण वळण तींत शुद्ध रूपांत मिळतें. कारकुनाच्या घाईच्या पत्रांत तें तसें मिळत नाहीं. मोडीचीं वळणें कालानुक्रमें लावूं पाहणाऱ्या अभ्यासकास याहून चांगलें साधन नाहीं. मूल वरच्या ओळीकडे न पाहतां स्वतःच्या मागच्या ओळीकडे पाहून लिहितें. त्यामुळें अक्षर ओळीगणिक बिघडत जातें, आणि तळाशीं आलें म्हणजे कोणतें वळण हाताला जड होतें तें डोळ्यांना दिसतें. चाळीस वर्षें वह्या तपासल्यावर हें मी शपथेवर सांगूं शकतों कीं या बाबतींत पेशवाईंतलें मूल आणि माझ्या वर्गांतलें मूल यांत तिळमात्र फरक नाहीं.

ज्या संग्राहकांच्या रुमालांत असे कागद असतील त्यांस विनंती आहे कीं ते वेगळे काढून टाकूं नयेत. ज्या कागदांमध्यें सांपडले त्यांच्यामध्येंच असूं द्यावेत, आणि यादींत 'किरकोळ' असें न लिहितां कित्ता, उजळणी, बाराखडी असें नांवानिशीं नोंदवावें. पुढच्या बाजूची मिती, कागदाचें माप, वरची ओळ व मुलाच्या ओळी किती, पाढा कोणता व कोठवर गेला, ओनामासीधं आहे कीं नाहीं, एवढें टिपलें तरी पुरे.

माझ्यापाशीं सध्यां असा एकच बंद आहे. एका स्नेह्यांनीं पोथीच्या वेष्टनांतून काढून दिला. अडीचकी आहे, तेरांपर्यंत नीट उतरली आहे, आणि चौदांच्या घरांत आंकडा दोनदां खोडून तिसऱ्यांदा बरोबर लिहिला आहे.